चांगल्या पायाची उडी

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
६ जुलै २०२५

अक्का,

जय भीम. तुझा फोन मला लागत नाही. आधी वाटलं रेंज नसेल. मग दुकानाच्या मालकांच्या फोनवरून लावला, तर दुसऱ्या रिंगला उचललास, माझा आवाज ऐकलास आणि ठेवलास. म्हणजे फोन चांगला आहे, फक्त माझ्यासाठी बंद आहे. पोस्टाचं तसं करता येत नाही. पत्र एकदा दारात पडलं की पडलं. पत्ता तुझ्या प्रणयच्या वाढदिवसाच्या पत्रिकेवरून घेतला.

दुकान म्हणजे झेरॉक्सचं. सकाळी तिथं बसते, बसून करायचं काम आहे म्हणून डॉक्टर काही बोलले नाहीत. दुपारनंतर व्यायामाला जाते. राहायला इथंच उस्मानपुऱ्यात खोली घेतली आहे. सोबत सोनिया नावाची मुलगी आहे, नर्स आहे, फार बोलकी. आमच्या खोलीत सारखा दंगा असतो. तेव्हा ही तिथं एकटी पडली असेल वगैरे मनात आणू नकोस.

ऑपरेशनच्या दिवशी तू मायला फोनवर जे बोललीस ते मी ऐकलं. मायला बटणं कळत नाहीत, फोन स्पीकरवर होता आणि मी शेजारी स्ट्रेचरवर होते. "माझ्या गुडघ्याला बिब्बा, आन् हिच्या गुडघ्याला ऑपरेशन. करा, चांगलं करा," असं म्हणून तू फोन ठेवलास. त्यानंतर घरी कोणालाच तुझा फोन नाही. त्या दिवशी मला राग आला होता. आता राग नाही. आता जे आहे त्याला काय म्हणतात ते मला नीट लिहिता येत नाही, म्हणून गुडघ्याचंच लिहिते.

मला वाटलं होतं, ऑपरेशन झालं की झालं. खो-खोत खांबाला वळताना जे लिगामेंट तुटलं होतं ते डॉक्टरांनी नवीन बसवलं, मांडीमागचा दोरीसारखा एक पदर काढून. पण बसवलेलं ते आपलं व्हायला वर्षभर घेतं म्हणे. पहिले काही आठवडे तर नुसता पाय सरळ करायचा होता. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघा खाली दाबायचा. ऐकायला काहीच नाही, आणि घाम फुटतो. आमच्यासोबत सुदर्शन म्हणून गंगापूरकडचा एक पैलवान आहे. तो परवा म्हणाला, "मॅडम, कोणचाबी डाव सांगा, पण ह्यो टॉवेल नका सांगू." श्रेया मॅडम म्हणाल्या, "पैलवान, टॉवेलनं चीत केलं हे गावात सांगू नका, बस्स."

श्रेया मॅडम म्हणजे आमच्या व्यायामाच्या, फिजिओ. वयानं तुझ्याएवढ्याच असतील. हसतात कमी, पण पाय हातात घेतला की कळतं यांना किती कळतं ते.

तू पत्राला उत्तर देणार नाहीस हे धरून चाललेय. तरी दिलंस तर बरं वाटेल.

रूपाली

१७ ऑगस्ट २०२५

अक्का,

उत्तर नाही आलं. हरकत नाही. पोस्टमनला विचारत नाही आता, त्यालाच अवघडल्यासारखं होतं.

सध्या आम्ही पायरी उतरतोय. म्हणजे लाकडी खोक्यावर एका पायावर उभं राहायचं आणि दुसऱ्या पायाची टाच हळूच जमिनीला टेकवून परत वर. समोर आरसा. मॅडम शेजारी उभ्या राहून एकच गोष्ट बघतात, गुडघा आत पडतो का. माझा पडतो. "रूपाली, गुडघा करंगळीकडं," असं त्या दिवसभर म्हणत असतात. मला स्वप्नातसुद्धा ऐकू येतं.

त्या दिवशी खोक्यावर उभी असताना मी सहज बोलून गेले, की माझी मोठी बहीण पायऱ्या आडवी होऊन उतरते, एका बाजूनं, खेकड्यासारखी. तुझं मी घरी असताना बघितलंय ना, माळवदावरून वाळवण घेऊन उतरायचीस तेव्हा. मला वाटायचं परात मोठी म्हणून.

मॅडमनी मला खाली उतरायला सांगितलं.

"कधीपासून?" म्हणाल्या.

मी सांगितलं, सतरा वर्षांची असताना खेळताना पडली होती तेव्हापासून.

"पडली तेव्हा आवाज आला होता का?"

आला होता, अक्का. मी तेव्हा चौथीत होते आणि सोयगावच्या मैदानावर रेषेच्या बाहेर तुझी चप्पल धरून बसले होते. तू पाटीवरून उठलीस, खांबाकडं पळालीस, वळलीस आणि कट्ट झालं. वाळकं लाकूड मोडल्यासारखं. माझ्या गुडघ्यातून तोच आवाज आला तेव्हा मी दुखण्याआधी तो ओळखला. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मॅडम पुढं विचारत गेल्या. लगेच सुजला होता का. नंतर चालताना अचानक घरंगळल्यासारखा होतो का. वळताना भीती वाटते का. मी प्रत्येकाला हो म्हणत गेले. तू विहिरीवरून येताना मधेच थांबायचीस आणि म्हणायचीस, "थांब गं, गुडघा जाग्यावर येऊ दे." आम्ही हसायचो. तूपण हसायचीस.

मॅडम म्हणाल्या, "बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही. पण तिला आण."

त्यांनी सांगितलं नाही, तरी मला कळलं. जे माझं तुटलं तेच तुझं तुटलं होतं. बारा वर्षं तू त्याच्याशिवाय चालते आहेस. पाणी आणलंस, कापूस वेचलास, प्रणयला कडेवर घेतलंस, सगळं त्याच्याशिवाय.

म्हणून आता एकच मागते. भांड माझ्याशी, पण इथं ये. तो गुडघा मॅडमच्या हातात एकदा दे. त्यानंतर बोलायचं नसलं तर नको बोलूस.

रूपाली

५ ऑक्टोबर २०२५

अक्का,

दसऱ्याला माय आणि बाबा आले होते, इथल्या बुद्ध लेणीला. गर्दीत मला डोंगर चढू दिला नाही, मी खाली सावलीत बसून राहिले आणि त्यांच्या चपला सांभाळल्या. मग रात्री खोलीवर मुक्कामाला आले.

मायनं आल्याआल्या विचारलं, "ती नर्स कुठंय गं? तिच्यासाठी चिवडा आणलाय." मला सांगावं लागलं. तुलाही सांगते. सोनिया इथं नाही. तिची ड्यूटी वाळूजला लागली आणि ती तिकडं राहायला गेली, मे महिन्यातच. पहिल्या पत्रात मी दंगा वगैरे लिहिलं ते खोटं होतं. खोलीत मीच असते. संध्याकाळी व्यायाम करून आले की गुडघ्यावर बर्फ ठेवते आणि भिंतीपलीकडच्या घरातली भांडणं ऐकते. आता मला त्यांच्या तिन्ही पोरांची नावं माहीत आहेत. कधीतरी जिन्यात दिसली तर नावानं हाक मारीन आणि ती घाबरतील.

जेवण झाल्यावर मी तुझा विषय काढला.

"माय, अक्काच्या गुडघ्याला तेव्हा काय काय केलं होतं?"

माय म्हणाली, "काय करणार? हळद बांधली, बिब्बा घातला. सूज उतरली तर म्हणलं बरं झालं. आम्हाला काय ठावं आत काय तुटतं म्हणून?"

"डॉक्टरला नाही दाखवलं?"

"आता तू मला कोर्टात उभं करती का?"

बाबा भिंतीला टेकून बसले होते. ते बोलले. "सायकलवर बसवून नेलं व्हतं मी तिला, सिल्लोडच्या अलीकडं एक हाडवैद्य व्हता. तो म्हणला शीर चढलीय, खेळणं बंद करा, आपोआप उतरंल. मग खेळणं बंद केलं. लगीन केलं."

माय म्हणाली, "तिला राग आमचा नाय. तिला राग हाय की हिचा गुडघा महाग निघाला."

"तसं नाय," बाबा म्हणाले. "हिच्या वक्ताला आपल्याला कळलं. तिच्या वक्ताला कळलं नाय. पण तिला तरी ह्यो फरक कसा सांगायचा?"

ते तसेच झोपले. सकाळी निघताना बाबांनी मला विचारलं, आता विशाखाचं काही होईल का. तुझं नाव घेऊन विचारलं, अक्का म्हणाले नाहीत, थोरली म्हणाले नाहीत. मी म्हणाले, बघावं लागेल. ते म्हणाले, "मग बघ."

मी बघायला तयार आहे. पाय तुझ्याकडं आहे.

मी आता पळते. मैदानावर नाही, व्यायामशाळेच्या मागच्या गल्लीत, सरळ रेषेत, न वळता. बैठक अजून पूर्ण होत नाही. पाटीवर बसायचं म्हणजे उकिडवं बसून तिथूनच उसळायचं, ते अजून लांब आहे. आमच्या संघाचे सर्जेराव सर एकदा येऊन बघून गेले. "खो देणारं कोणी नाही तरी तू बरी पळती," म्हणाले.

तुझा खो आठवतो मला. पाठीवर पंजा उमटायचा. तू माझ्याशी खेळताना कधी हात आखडता घेतला नाहीस, मी लहान होते तरी.

रूपाली

२३ नोव्हेंबर २०२५

अक्का,

हे पत्र छोटं आहे आणि बातमीचं आहे.

चौदा डिसेंबरला रविवारी परभणीला सामने आहेत, तिथूनच राज्याच्या संघाची निवड करणार आहेत. सर्जेराव सर म्हणाले, मॅडमनी खेळायला हरकत नाही अशी चिठ्ठी दिली तर तुला घेतो, नाहीतर नाही. आणि परवा माझी उडीची परीक्षा झाली.

परीक्षा अशी असते. जमिनीवर टेप लावलेली असते. आधी चांगल्या पायावर उडी मारायची आणि त्याच पायावर उतरून स्थिर राहायचं. मग ऑपरेशनच्या पायावर तसंच. दोन्ही मोजतात. दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या शंभरातली नव्वद तरी भरली पाहिजे. माझी ब्याण्णव भरली. सुदर्शन पैलवानानं टाळ्या वाजवल्या, त्याची अजून सत्तरच्या खाली आहे.

मॅडम हसल्या नाहीत, पण त्या हसतच नाहीत. आणखी थोडे दिवस वळून पळताना बघते आणि मग चिठ्ठी देते, म्हणाल्या.

मैदान तुझ्या घरापासून लांब नाही, मी नकाशात बघितलं. सकाळी दहाला सामना आहे. तू मला शेवटचं खेळताना बघितलंस तेव्हा मी शाळेच्या संघात होते. एकदा ये. बोलू नकोस, गर्दीत उभी राहा आणि जा. मी तुला शोधणार नाही. पण तू असशील एवढं मला कळू दे, म्हणजे मी नीट खेळेन.

रूपाली

९ डिसेंबर २०२५

अक्का,

मी खेळत नाही. परभणीला येऊ नकोस. हे पत्र तुला रविवारच्या आत मिळेल का माहीत नाही, आज मंगळवार आहे आणि मी चार दिवस लिहायचं टाळलं.

काय झालं ते सांगते.

आमच्या व्यायामशाळेच्या दारासमोर एक नाली आहे. वरची फरशी मागेच फुटली, तेव्हापासून लोक बाजूनं वळसा घालून जातात. शुक्रवारी मी घाईत होते, दुकानाची किल्ली माझ्याकडं होती. पिशवी खांद्याला लावली आणि नाली ओलांडली, एका पायावर. चांगल्या पायावर उडाले, पलीकडं त्याच पायावर उतरले आणि चालायला लागले.

वरून हाक आली. मॅडम खिडकीत उभ्या होत्या.

"वर ये."

गेले.

"ती नाली किती रुंद आहे?"

मी म्हणाले, माहीत नाही.

"मी रोज ओलांडते. दोन्ही पायांनी उडी मारली तरी माझी चप्पल ओली होते. तू एका पायावर पिशवी घेऊन गेलीस आणि वर दोन वीत जागा उरली. त्या परीक्षेत तुझा हाच पाय एवढा उडाला नव्हता."

मी पिशवी खाली ठेवली.

"टेपवर ये," म्हणाल्या. "आता उडी मार. नालीसारखी."

मारली. मग दुसऱ्या पायावर. त्यांनी मोजलं नाहीसुद्धा, नुसतं बघितलं. मीच मोजलं. शंभरात ऐंशीही भरत नव्हती.

अक्का, परीक्षेच्या दिवशी मी चांगला पाय मुद्दाम आखडता घेतला होता. दुखऱ्या पायाची उडी वाढवता येत नाही, पण चांगल्या पायाची कमी करता येते, मग दोन्ही सारखे दिसतात. हे मला कोणी शिकवलं नाही. टेपसमोर उभी राहिले तेव्हा आपोआप सुचलं. थोडं कमी वाकायचं, हात कमी फेकायचे. कोणाला दिसलं नाही. ब्याण्णव आकडा ऐकून मला आनंदसुद्धा झाला, खरा आनंद, जसा काही मी तो कमावला होता.

मॅडम चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "मला फसवलंस त्याचं काही नाही. मला इथं रोज कोणीतरी फसवतं. पण तुझ्या गुडघ्याबद्दल खरं सांगणारा एकच साक्षीदार होता माझ्याकडं, तुझा चांगला पाय. तू तोच फितवलास."

नंतर म्हणाल्या, "एवढी घाई कशाची? पुढच्या वर्षीही निवड होईल."

मी म्हणाले, "परभणी पुढच्या वर्षी नसेल." त्यांना काही कळलं नाही आणि मी समजावलं नाही. तुला मात्र कळेल. सामने नांदेडला असते तर मी थांबले असते. लातूरला असते तरी थांबले असते.

सर्जेराव सरांना मीच सांगितलं. ते म्हणाले, "खेळू नको, पण चल. बाकावर बसायला माणूस लागतंच." मी जाईन बहुतेक.

रूपाली

१६ डिसेंबर २०२५

अक्का,

रविवारचं तुला अर्धंच माहीत आहे. उरलेलं अर्धं लिहिते, कारण ते तोंडावर सांगता आलं नाही.

सकाळी संघ मैदानावर उतरला आणि पोरी पाटीवर जाऊन बसल्या, एक तोंड इकडं, एक तोंड तिकडं. मी बाकावर बसले. शिट्टी वाजली आणि मला ते बघवेना. खेळता येत नाही म्हणून नाही. माझं पत्र तुला पोचलं असेल, म्हणजे तू येणार नाहीस, आणि मी तुझ्या गावात नुसती बाकावर बसून परत जाणार, असं सगळं एकदम डोक्यात आलं. सरांना सांगितलं, जाऊन येते. रिक्षावाल्याला पत्ता वाचून दाखवला.

तुझ्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या ओट्यावर लीलाबाई तूर निवडत होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "तू झेरॉक्सवाली का?"

मी हो म्हणाले. काय म्हणणार?

"मग हितं काय करती? ती तर तुझा खेळ बघाया गेली की. लवकर उठून सैपाक केला, पोराला आन् त्याच्या बापाला त्याच्या आत्याकडं धाडलं. मला म्हणली, चला का लीलाबाई. मी म्हणलं, मला काय कळतंय त्यातलं."

"माझं पत्र नाही आलं का हो आठवड्यात?"

"पत्र आलं की मला वाचून दावती ती. ह्या आठवड्यात नाय आलं."

मी ओट्यावर बसले. परत मैदानावर जावं असं वाटलं, पण आपली रस्त्यात चुकामूक होईल म्हणून बसून राहिले. लीलाबाईंनी पाणी दिलं, चहा दिला. मग म्हणाल्या, "तिचं दुखणं तुला ठावं हाय ना? थंडीत लई करती. कुणाला सांगत नाय. मला भिंतीतून कळतं, उठताना खाट करकरती तवा."

नंतर तू आलीस.

गल्लीच्या तोंडाशी तू वळलीस तेव्हा तू मला बघितलं नव्हतंस. मान खाली होती. मी तुला बघितलं, आणि नऊ महिने मी दुसरं काही शिकलेलीच नाही, म्हणून मला आधी पाय दिसले. डाव्या पायावर वजन आलं की तू घाई करतेस. उजव्यावर रेंगाळतेस. डावा गुडघा वाकतच नाही, तो कमरेतून उचलून पुढं टाकतेस. पिठाच्या गिरणीसमोर तू थांबलीस, भिंतीला हात लावलास आणि पाय थोडा हलवून जाग्यावर बसवलास. मग पुढं निघालीस. मी कितीतरी चालणारे बघितले आहेत त्या आरशात, पण इतकं दुखणारं चालणं बघितलं नव्हतं.

मग तू वर बघितलंस.

आणि तिथून दारापर्यंत तू नीट चालत आलीस. अगदी सरळ. दोन्ही पाय सारखे. मला अनोळखी माणसानं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, या बाईला काही झालेलं नाही. अक्का, तसं चालायला किती जोर लागतो ते मला माहीत आहे. मी तर टेपवर दोन उड्यांपुरतं केलं होतं. तू गल्लीभर केलंस, आणि मला वाटतं तू ते सगळ्यांसमोरच करत आली आहेस.

"ग्राउंडवर जाऊन आले," तू म्हणालीस. "तू नव्हतीस."

"मी खेळत नाही."

"मग मला कशाला बोलावलं?"

"नको येऊ म्हणून पत्र टाकलं होतं. पोचलं नाही."

"पोस्टाचं काय खरं नसतं," म्हणालीस आणि कुलूप काढलंस. लीलाबाई म्हणाल्या, "बहिणी हायेत का वकील?" तेव्हा तू पहिल्यांदा हसलीस, पण त्यांच्याकडं बघून.

आपण खाटेवर बसून जेवलो. खाली बसू या, असं दोघींपैकी कोणी म्हणालं नाही. तू विचारलंस, खेळत का नाहीस, आणि मी नालीचं सगळं सांगितलं. मला वाटलं तू चिडशील. तू वरणाची वाटी माझ्याकडं सरकवलीस आणि म्हणालीस, "त्या मॅडमचा डोळा बारीक दिसतो." त्या फोनबद्दल तू बोलली नाहीस, मीही नाही. बाबांचं मी सांगितलं, विशाखाचं काही होईल का असं विचारत होते म्हणून. तू उठून तांब्या भरून आणलास. तांब्या भरलेलाच होता.

संघाची गाडी निघायची वेळ झाली म्हणून मी उठले. रिक्षापर्यंत तू आलीस. रिक्षावाला चल म्हणत होता तेव्हा तू विचारलंस, "ती मॅडम म्हणजे बाईच असंल ना?"

"बाईच."

"हात लावून बघती का मशिनीवर?"

"हातानंच. दोन्ही हातांत गुडघा धरतात आणि थोडा पुढं ओढून बघतात. दुखत नाही."

"मी येते असं कुठं म्हणलं," तू म्हणालीस, आणि रिक्षा निघाली.

परत येताना पोरी जिंकल्या म्हणून गाडीत गात होत्या. मी खिडकीशी बसले होते. कोणी मला काही विचारलं नाही, आणि ते बरंही वाटलं आणि नाहीही.

काल मॅडमना सांगितलं. त्यांनी आशा लावली नाही, तेही लिहिते. इतक्या वर्षांनी आत काय काय झिजलं असेल ते बघितल्यावरच कळेल, ऑपरेशनचं असेल किंवा नुसत्या व्यायामाचं असेल, म्हणाल्या. पण व्यायामानंसुद्धा माणूस भिंत न धरता गिरणीपर्यंत जातो, असंही म्हणाल्या. गिरणीचं मी त्यांना सांगितलं होतं. तुला विचारलं नाही, माफ कर.

गुरुवारी बंद असतं, बाकी रोज दुपारी तीननंतर ये. गाडी कोणती ते लीलाबाईंकडून फोन करून कळवलंस तरी चालेल, मी स्टेशनवर थांबेन. काही आणायचं नाही. फक्त साडी नेसून येऊ नकोस, साडीत गुडघा बघता येत नाही आणि मग दाराआड काढघाल करावी लागते. सलवार घालून ये, ढगळ. नसली तर माझी आहे. तुला उंचीला आखूड होईल, पण आमच्याकडं सगळ्यांच्या गुडघ्यापर्यंत वरच गुंडाळलेल्या असतात.

रूपाली